न मिटणारा डोळा

मार्गळी, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास येणाऱ्या तमिळ महिन्यातल्या एका थंड सकाळी कॉफीचा पहिलाच घोट माझ्या तोंडात ठरेना. ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून तो ओघळला आणि पातळावर सांडला. लहान मूल बरं, असं मनाशी म्हणून मी हसायला गेले, तर समोर भाजी चिरत बसलेल्या सासूबाईंचे हात जागीच थांबले. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं होतं. आरशापुढे गेले. डावी भुवई उतरलेली, गाल लोंबलेला, आणि डोळे मिटायला जावं तर उजवा मिटे, डावा उघडाच राही. "नुसतें पांढरें दिसतें ग," सासूबाई माझ्या तोंडाशी वाकून म्हणाल्या आणि त्यांनाच रडू फुटलं. मी रडत होते की नाही ते मलाही कळेना, कारण डाव्या डोळ्यातून पाणी आपोआपच वाहत होतं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. मी, माझे यजमान आणि सासूबाई, एवढीच माणसं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत असे, आणि माझ्या जिभेला जरा धार आहे याबद्दल घरात नि शाळेत सर्वांचं एकमत होतं. यजमानांनी त्याच दिवशी रजा टाकून मला सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घाला, गाल फुगवा, दात दाखवा असं सगळं करून घेतलं. हा अर्धांगवायू नव्हे, चेहऱ्याकडे येणारी एक नस कानामागच्या अरुंद वाटेत सुजून अडकली आहे, असं त्यांनी समजावलं. बहुतेकांची नस आपण होऊन सुधारते, काहींची मात्र कधीच सुधारत नाही, आणि तुमची त्यांतली कुठली ते आज सांगता येणार नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. "अम्मा, तोंड वाकडं राहिलं तरी माणूस जगतो," ते म्हणाले. "पण डोळ्याला जपा. पापणी मिटत नाही तोवर तो कोरडा पडत राहणार. त्यात व्रण झाला तर दृष्टी जाईल." तेव्हापासून झोपताना डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वरून फडकं बांधायचं आणि बाहेर पडताना काळा चष्मा लावायचा, असं सुरू झालं.

दृष्टी जाण्याची भीती होतीच, पण खरं सांगायचं तर मला दुसरंच दुःख अधिक छळत होतं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रोज आंघोळीनंतर मी देवघरापुढे डोळे मिटून बसे. मंत्र नाही, स्तोत्र नाही, नुसतीच बसे. दिवसभर बडबडणाऱ्या बाईला गप्प बसायची तेवढी एकच जागा होती. डोळे मिटले की देवघरातली रामाची वीतभर मूर्ती आत कुठेतरी येऊन उभी राही आणि मला बरं वाटे. आता डावा डोळा मिटेना. पापणी बोटाने ओढून धरावी तर सारं ध्यान त्या बोटात. न धरावी तर खिडकीतला उजेड आत घुसे आणि गालावरून पाणी ओघळे. शेवटी देवाशी माझं भांडण झालं. मी त्याला म्हटलं, मी तुझ्याकडे काही मागायला बसत नव्हते, घटकाभर मिटून बसणं एवढंच माझं होतं, तेही तुला बघवलं नाही का? आणि मी बसणंच सोडून दिलं. घरात कुणाला ते कळलं नाही. देवघराची झाडलोट मी करीत होते, फुलं वाहत होते, पण दुकानदाराशी अबोला धरून सामान आणावं तसं ते चालू होतं.

इस्पितळात त्या सुमारास उजेडाने शेकायचा दिवा नवा आला होता. उंच दांडी, तिच्या टोकाला पातेल्याएवढी चकचकीत वाटी आणि त्या वाटीत लाल होऊन तापणारा दिवा. त्यातून तांबडा आणि तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो, असं डॉक्टर म्हणत. मला बाकावर निजवून, दोन्ही डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवून, तो उजेड ते माझ्या डाव्या गालावर आणि कानामागे पाडीत. ऊब हळूहळू हाडापर्यंत जाई. मग गालाला खालून वर मालीश, आणि मग आरशासमोर तोंडाचे व्यायाम. त्यातला एक व्यायाम होता शीळ घालण्याचा. भल्या घरच्या सुनेने शीळ घालायची हे ऐकून सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, पण डॉक्टरांचाच हुकूम म्हटल्यावर त्या रोज समोर बसून माझी शीळ ऐकू लागल्या. शीळ कसली, नुसती वाफ निघे. यजमान म्हणाले, हवा गेलेला स्टोव्ह बरा. त्या दिवसांत मी त्यांच्यावर जेवढी रागावले तेवढी जन्मात रागावले नसेन, पण त्या घरात हसण्याचं तेवढं एकच निमित्त उरलं होतं.

एकदा मी डॉक्टरांना जरा कुजकटपणेच विचारलं, की गरम फडक्याने शेकलं तर भागणार नाही का, त्यासाठी एवढा दिवा कशाला. ते रागावले नाहीत. त्यांनी खिडकी लावून घेतली, माझा तळहात पुढे करायला लावला आणि खालून विजेरी पेटवली. माझी बोटं निखाऱ्यासारखी तांबडी झाली. बोटांच्या कडा, मधली जाड ठिकाणं, सगळं आतून उजळलं होतं. "विजेरीचा उजेड पांढरा आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यातले बाकीचे रंग तुमच्या मांसात विरले. तांबडा तेवढा पार होऊन आला. तुमच्या गालातही तो असाच शिरतो." मग त्यांना बोलण्याचा उत्साहच आला. परदेशात आता माणिकाच्या कांडीतून एकाच रंगाचा, एका रेषेत जाणारा उजेड काढतात, त्याला लेसर म्हणतात, आणि डोळ्याच्या आतला सुटलेला पडदा त्याने चिकटवतात, असं ते सांगू लागले. आणि आता तर तांदळाच्या कणीएवढ्या स्फटिकातूनही तसा उजेड निघू लागला आहे. "तो अगदी मंद ठेवता आला, कातडी तापणारही नाही इतका मंद, तर नुसत्या उजेडाने जखमा भरतील, दुखणी निवतील, नसा सावरतील. कोण जाणे," ते म्हणाले. "माझ्याकडे मात्र हा एवढाच दिवा आहे. याने नस बरी होते असं मी म्हणणार नाही. आपण तिला उबेत ठेवायचं. यायची तेव्हा ती येईल."

घरी येताना सायकलरिक्षात मी माझा हातच पाहत बसले. ज्या हातांनी आजवर पीठ मळलं, खडू धरला, मुलींचे कान पिळले, त्यांच्यात उजेडाला वाट आहे हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेत मी सूर्याचं पृथ्वीपासूनचं अंतर घोकून घेत असे, पण त्याचा उजेड अंगावर पडून तिथेच थांबत नाही, आत येतो, हे मला कुणी दाखवलं नव्हतं. मी पापण्या मिटल्या म्हणून जो राम आत येतो असं मला वाटत होतं, तो माझ्या पापण्यांवर अडून राहत असेल का, असंही क्षणभर वाटून गेलं. पण राग अजून गेला नव्हता, म्हणून तो विचार मी झटकून टाकला.

मार्गळी संपून तै महिना लागला तरी चेहरा तसाच होता. डोळा आता सारखा लाल राहू लागला, वाळू गेल्यासारखा खुपू लागला. दिवा लावताना डॉक्टर पूर्वीसारखे बोलेनासे झाले. एके दिवशी त्यांनी यजमानांना बाजूला घेतलं, आणि मी दोघांनाही जवळ बोलावून म्हटलं, जे काय आहे ते माझ्यापुढे बोला. तेव्हा कळलं, की थोड्या दिवसांत फरक पडला नाही तर डोळा वाचवण्यासाठी पापण्यांना टाके घालून तो बाजूने शिवावा लागेल. म्हणजे मिटण्यासाठी मी इतकी तळमळत होते, आणि आता तो मिटणार होता तो सुईदोऱ्याने.

रथसप्तमी जवळ आली होती. त्या दिवशी रुईची सात पानं डोक्यावर, खांद्यांवर ठेवून उगवत्या सूर्यासमोर स्नान करायचं, ही आमच्याकडची चाल. इथल्या तमिळ घरांतही ती आहे, रुईला ते एरुक्कु म्हणतात. पानं आदल्या दिवशीच तोडून ठेवतात, म्हणजे देठाचा चीक सुकून जातो. पण सासूबाईंनी या वेळी निराळंच ठरवलं होतं. मला तिरुवैयारुला कावेरीवर न्यायचं आणि घाटाच्या वाटेवरच्या रुईची ताजी पानं तिथल्या तिथे तोडून घ्यायची. "सूर्यनारायणाला शिळें कशाला दाखवायचें?" त्या म्हणाल्या. "आणि एक पान मी तुझ्या गालावर ठेवणार. दुखणें जेथें, पान तेथें." माझा विश्वास नव्हता. पण त्या म्हाताऱ्या बाईने माझ्यासाठी एवढे दिवस दूधभात कालवून, माझ्या ओठांच्या उजव्या कोपऱ्याने तो मला भरवला होता. त्यांना नाही म्हणायला माझी धारदार जीभ वळली नाही.

पहिल्या बसने आम्ही तिरुवैयारुला उतरलो. यजमान पुरुषांच्या बाजूला गेले. नदीवर धुकं होतं, पलीकडच्या माडांचे नुसते शेंडे दिसत होते. कमरेइतक्या पाण्यात मी पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. सासूबाईंनी डोक्यावर पान ठेवलं, खांद्यांवर ठेवली, आणि शेवटचं माझ्या डाव्या गालावर, डोळ्याच्या लगत, दाबून धरलं. पान मोठं होतं, नीट बसेना, म्हणून त्यांनी त्याचा देठ तिथेच मोडला. तेवढ्यात सूर्याची कड वर आली. "आतां बुडी मार," त्या म्हणाल्या. मी वाकले आणि देठातला पांढरा चीक माझ्या उघड्या डोळ्यात गेला.

दुसऱ्या कुणाचा डोळा असता तर तो आपोआप मिटला असता. माझा मिटू शकत नव्हता. डोळ्यात निखारा पडल्यासारखी आग झाली. मी किंचाळले, आणि हाताने चोळू गेले तर हातालाही चीक लागलेला. सासूबाईंना काय झालं ते कळलं आणि त्या मोडलेला देठ हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. बरं व्हायला आलो आणि उरलंसुरलंही गेलं, आगीतून उठून फुफाट्यात पडले, हे मला त्या आगीतही स्पष्ट कळत होतं. डोळा गेला, असंच मी धरून चालले.

तेवढ्यात कुणीतरी माझा दंड पकडला. साठीची एक ठेंगणी, सावळी बाई होती. पितळेची भरलेली घागर कमरेवर घेऊन ती पायऱ्या चढत होती, ती माघारी वळली. तमिळमध्ये ती एवढंच म्हणाली, "हात लावू नको. निज." तिने मला पायरीवर उताणं निजवलं, माझी मान डावीकडे कलती केली, एका हाताने पापण्या फाकवून धरल्या आणि वरच्या पायरीवर टेकवलेली घागर दुसऱ्या हाताने वाकवून माझ्या डोळ्यात पाण्याची धार धरली. घागर संपली की ती नदीत उतरे, भरून आणी, पुन्हा धार धरी. मी हात झटकू लागले तर तिने गुडघ्याने माझा हात दाबून ठेवला. सासूबाई रडत म्हणत होत्या, पुरे, पुरे. ती म्हणाली, "आग थांबल्यावर पुरे."

किती घागरी झाल्या मला माहीत नाही. आग हळूहळू निवत गेली. ती पुन्हा एकदा नदीतून घागर भरून आली आणि माझ्या डोक्याशी उभी राहिली. "डोळा उघड," ती म्हणाली. मी म्हटलं, "उघडाच आहे. तो मिटत नाही, त्याचंच दुखणं आहे." ती वैतागली. "मिटलायस की. उघड लवकर, घागर जड आहे." मला वाटलं, तिच्याच बोटांनी पापणी दाबली असेल. मी उजवा डोळा उघडून वर पाहिलं. तिचे दोन्ही हात घागरीला होते. सासूबाई माझ्यावर वाकून माझ्या डाव्या डोळ्याकडेच बघत होत्या. मी डाव्या डोळ्याकडे लक्ष नेलं, आणि तिथे इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मला अंधार लागला. पूर्ण नाही. खाली उजेडाची एक बारीक फट होती. पण पापणी पापणीकडे आली होती, आणि मी तिला आणलं नव्हतं.

मी सांगितलं म्हणून नव्हे, तर एवढ्या पाण्यापुढे माझं सांगणंच थांबलं तेव्हा ती मिटली. मी डोळा उघडला. तिने शेवटची घागर ओतली. सासूबाईंनी तिचे हात धरून विचारलं, इतकं पाणी कुठे नेत होतीस. अभिषेकाला, ती म्हणाली, देवळात वाट बघत असतील. सासूबाईंनी जीभ चावली, "देवाचं पाणी आम्ही वाया घालवलं." ती हसली. "नदी इथेच आहे ना. तो थांबेल थोडा." तिने घागर पुन्हा भरली, कमरेवर घेतली आणि पायऱ्या चढून गेली. मी उठून बसले तेव्हा वर घागरी घेतलेल्या कितीतरी बाया होत्या, आणि धुकट डोळ्याला त्यांतली ती कोण ते ओळखता आलं नाही. नंतरही आम्ही त्या घाटावर अनेकदा विचारलं. कुणाला काही सांगता आलं नाही.

तिथून थेट इस्पितळात गेलो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, की घाटावरच इतका वेळ धुतला नसता तर हा डोळा हाती लागला नसता. त्यांनी थेंब दिले. काही दिवस मला सगळं धुक्यातून दिसे, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत. मग धुकं विरलं. पापणीखालची फट रोज थोडी थोडी बारीक होत गेली. टाक्यांची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. ओठाचा कोपरा सर्वांत शेवटी वर आला, आणि ज्या दिवशी शीळ खरोखर वाजली त्या दिवशी सासूबाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून ती ऐकवली.

दिव्याच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला डाव्या पापणीची दोनदा उघडझाप करायला लावली. म्हणाले, नस परतायची वेळ झालीच असेल, दिव्याने तिला उबेत ठेवली होती, डोळ्यातल्या आगीने ती दचकून जागी झाली असेल, मला नक्की सांगता येणार नाही. सासूबाई म्हणाल्या, कावेरीअम्माच घागर घेऊन आली होती. मी दोघांनाही मान डोलावली. त्यांच्यात निवाडा करायची मला गरज वाटत नाही. मला आठवतं ते एवढंच, की मी देवापुढे बसणं सोडलं होतं, आणि त्याच्या डोक्यावर पडायचं पाणी त्याने वाटेतून माझ्याकडे वळवलं, आणि स्वतः थांबून राहिला.

त्यानंतर मी पुन्हा देवघरापुढे बसू लागले. एक मात्र बदललं. पूर्वी मी डोळे मिटत असे, आता ते मिटतात आणि मी मध्ये पडत नाही. मिटणं ही कुणाचीतरी देणगी आहे, आणि ज्याने दिली त्याने ती परत मागितली तर भांडायचं नाही, एवढं मी शिकले. ज्या नसेवर माझा काडीचा अधिकार नव्हता, तिच्यावर मी इतकी वर्षं माझी म्हणून भक्ती उभी केली होती.

पण सासूबाई मात्र त्या दिवसापासून खचल्या. माझ्याच हाताने तिला आंधळी करत होतें, असं त्या येईल त्याला सांगत. कितीही समजावलं तरी त्यांच्या मनातून ते जाईना. पुढच्या रथसप्तमीला पानं आदल्या दिवशीच आणून, धुऊन, देठ खुडून, सुकवून ठेवली होती. सकाळी अंगणात मी पाटावर पूर्वेकडे तोंड करून बसले. सासूबाई पानांचं तबक यजमानांच्या हातात देऊन मागे सरल्या.

"अम्मा, तुम्हीच ठेवा," मी म्हटलं.

"नको ग. माझ्या हाताला यश नाहीं."

"मी डोळे मिटलेत," मी म्हटलं. "दोन्ही. तुम्हाला वाटेल तिथे ठेवा."

मी मागे वळून पाहिलं नाही. ऊन चेहऱ्यावर आलं होतं आणि मिटल्या पापण्यांतून ते तांबडं दिसत होतं. मग डोक्यावर एक पान टेकलं, खांद्यांवर टेकली, आणि शेवटचं, सासूबाईंच्या बोटांखाली, माझ्या डाव्या गालावर येऊन थांबलं. मी हलले नाही.